शिफ्ट सुटल्यावरच्या वस्तू: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात नाशिकमधल्या सातपूर, अंबड, सिडको आणि नाशिकरोडच्या कामगार वस्त्यांमधल्या बालपणावर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांत आठवणी भरपूर आहेत, पण त्याहून जास्त पत्रं ‘ते नेमकं करायचं कसं’ विचारणारी आहेत. या वस्त्यांमधली बहुतेक वस्तू कशाच्या तरी उरलेल्यातून व्हायची. कारखान्यातलं बाद बेअरिंग, वखारीतला भुसा, चिंच काढून राहिलेला चिंचोका. आज गडबड होते ती बहुधा इथेच: कृती जुनी आणि माल नवा. म्हणून प्रत्येक उत्तरात मालाबद्दल आधी बोललो आहोत.

प्रश्न: मुलासाठी बेअरिंगची गाडी (बसायची फळी, खाली दोन दांडे आणि चाकांच्या जागी चार बेअरिंगं) बनवली. दोन दिवसांत मागची चाकं ढिली झाली, एक तर तिरकं होऊन आडवंच पडतं. गाडी सारखी डावीकडे ओढते. मागचा दांडा पॅकिंगच्या खोक्यातल्या पट्टीचा आहे. काय चुकलं?
— एक वाचक, अशोकनगर, सातपूर

दांडाच चुकला. खोक्याचं लाकूड मऊ असतं. बेअरिंगची आतली कडी पोलादी, तिच्या दाबाने लाकूड दबतं, फट पडते आणि मग छर्रे फिरायच्या ऐवजी अख्खं बेअरिंगच दांड्यावर फिरायला लागतं. खोक्याच्या फळीची बैठक चालेल, दांडा मात्र बाभळीचा किंवा सागाचा घ्या. सुताराकडे २ इंच बाय २ इंचाचा तुकडा मागितला तर तो फार पैसे घेत नाही.

आधी बेअरिंग पाहू. कडीच्या कडेला नंबर कोरलेला असतो. त्यातल्या शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं. ६२०५ म्हणजे २५ मिमी भोक (बाहेरून ५२, जाडी १५). ६२०४ म्हणजे २० मिमी भोक (बाहेरून ४७, जाडी १४). हा हिशोब ०४ पासून पुढे लागतो. ६२०२ चं भोक १५ मिमी आणि ६३०१ चं १२ मिमी. मोटारसायकलच्या चाकातून निघणारी बेअरिंगं बहुधा या मापाची असतात आणि गॅरेजवाला तीच आधी हातात देतो. ती घेऊ नका, तेवढ्या बारीक लाकडी टोकावर मुलाचं वजन आलं की टोक मोडतं. वडाळा नाका, द्वारका भागातल्या मोठ्या गाड्यांच्या गॅरेजात ६२०५ किंवा त्याहून मोठं विचारा. चारही एकाच नंबरची हवीत.

बाद बेअरिंग घेताना आतल्या भोकात बोट घालून बाहेरची कडी फिरवा. नुसती खरखर असेल तर आत धूळ आहे, धुऊन निघेल. फिरता फिरता एकाच जागी अडखळत असेल तर कडीला खाच पडली आहे, ते ठेवून द्या. धुवायला वाटीभर डिझेल आणि जुना दातांचा ब्रश. काळं पाणी निघणं थांबेपर्यंत धुवा, कापडावर वाळवा, बोटाने ग्रीस भरा. गॅरेजमध्ये हवेच्या नळीने वाळवून देतात, पण त्या हवेवर बेअरिंग गरगर फिरवायची मजा कुणी करत असेल तर थांबवा. कोरडं बेअरिंग त्या वेगाला फुटून छर्रे उडू शकतात.

आता दांडा. मागचा २० इंच, पुढचा १२ इंच. प्रत्येक टोकावर २५ मिमीचं वर्तुळ आखा, टोकापासून २५ मिमी आत चारही बाजूंनी करवतीने चीर द्या, पटाशीने कोपरे उडवा आणि शेवटी कानशीने गोल करा. टोकाशी बेअरिंग जेमतेम शिरावं आणि मुळाशी घट्ट व्हावं, इतकाच उतार ठेवा. बसवताना हातोडी बाहेरच्या कडीवर कधीच मारायची नाही. तो घाव छर्‍यांमधून जातो, कडीला बारीक खळगे पडतात आणि गाडी पहिल्या दिवसापासून खडखडते. आतल्या कडीच्या मापाचा पाइपचा तुकडा ठेवून त्यावर ठोका. १५ मिमी बेअरिंगने घेतले, बाहेर १० मिमी लाकूड उरलं. त्यात आडवं भोक पाडून खिळा घाला आणि खिळा नि बेअरिंग यांच्यामध्ये वायसर. वायसर फक्त आतल्या कडीला टेकला पाहिजे. मोठा घेतला तर बाहेरच्या कडीला घासतो आणि चाक जाम होतं.

डावीकडे ओढण्याचं कारण मागचा दांडा फळीला काटकोनात नसणं. पुढच्या बोल्टापासून मागच्या दोन्ही टोकांपर्यंत सुतळी ताणून मोजा. दोन्ही अंतरं सारखी यायला हवीत, अर्ध्या सेंटीमीटरचा फरकही उतारावर जाणवतो. पुढचा दांडा ज्या बोल्टावर फिरतो तो १२ मिमी जाड, ५ इंची. दोन लाकडांमध्ये मोठा वायसर आणि ग्रीस, खाली दोन नट. पहिला नट दांडा हाताने फिरत राहील इतकाच आवळायचा, दुसरा नट त्या पहिल्यावर कडक. एकच नट लावला तर तो वळणावळणाला सुटत जातो.

बैठकीची फळी ३० इंच बाय १२ इंच पुरे. ब्रेक म्हणून फळीच्या मागे बिजागरीवर एक लाकडी पट्टी, तिच्या खाली टायरचा तुकडा ठोकलेला. पट्टी दाबली की रबर रस्त्याला घासतं. बेअरिंगला घासणारा ब्रेक लावू नका, गुळगुळीत कडीवर रबर पकड धरत नाही.

एक गोष्ट मात्र बदलली आहे, ती म्हणजे रस्ता. ५२ मिमीच्या चाकाला अर्ध्या इंचाचा खड्डासुद्धा मोठा. पेव्हर ब्लॉकच्या फटीत बेअरिंग अडकतं आणि मुलगा पुढे फेकला जातो. काँक्रीटचा सपाट, हलक्या उताराचा, बंद आवारातला रस्ता शोधा. आवाजाला इलाज नाही. बेअरिंगवर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, पण ती वळणावर निसटते.

प्रश्न: गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांसाठी गच्चीवर भुशाची शेगडी पेटवायची होती. फर्निचरच्या कारखान्यातून पोतंभर भुसा आणला. धूर इतका झोंबला की डोळे उघडेनात, आणि मधलं भोक ढासळून शेगडी विझली.
— एक वाचक, पाथर्डी फाटा

या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

झोंबणारा धूर भुशाचा नाही, डिंकाचा आहे. आजच्या फर्निचरच्या कारखान्यात प्लायवूड आणि एमडीएफ कापतात. त्यांचा भुसा पिठासारखा बारीक आणि एकसारख्या रंगाचा असतो, आणि त्यात रासायनिक गोंद असतो. त्यावर स्वयंपाक तर नाहीच, पाणीही तापवू नका. भुसा लाकडाच्या वखारीतून आणा, जिथे ओंडके कापतात. तो रवाळ असतो आणि मुठीत घेतला की लाकडाचा वास येतो. रंध्याचे कुरळे छिलके चाळून काढा. छिलके राहिले की भुसा एकजीव दाबला जात नाही आणि भोक ढासळतं. तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं एक कारण बहुधा हे. दुसरं कारण दाब कमी पडणं.

डबा तेलाचा, १५ किलोचा, वरचं झाकण कापलेला. कडा आत मुडपून घ्या, नाहीतर हात कापतो. रंगाचा डबा नको. एका बाजूला तळाशी लागून २ ते अडीच इंचाचं भोक पाडा. आता डब्याच्या मधोमध एक सरळ बाटली किंवा २ इंची पाइपचा तुकडा उभा धरा, आणि बाजूच्या भोकातून एक गोल दांडका आत सरकवून त्या बाटलीला टेकवा. दोन्ही जागच्या जागी धरायला दुसरा माणूस लागतो.

भुसा अगदी कोरडा ठणठणीत असेल तर हलका पाण्याचा हबका मारा. मुठीत दाबला की गोळा धरावा, पण हाताला ओल लागू नये. मग दर वेळी तीन बोटं उंचीचा थर घालायचा आणि लाकडी ठोकळ्याने चेचायचा. एकदम डबा भरून वरून दाबला तर वरचा भाग कडक आणि खालचा भुसभुशीत राहतो, आणि ढासळतं ते खालूनच. वर दोन इंच जागा सोडा. इतक्या डब्यात ३ ते ४ किलो भुसा बसतो. शेवटी बाटली थेट वर ओढायची नाही. आधी जागच्या जागी फिरवायची, ती सुटली की हळू वर घ्यायची. दांडकंही तसंच फिरवत बाहेर. आत इंग्रजी ‘एल’सारखा बोगदा तयार होतो.

पेटवताना तेलात बुडवलेली चिंधी खालच्या भोकातून आत सारा. सुरुवातीची दहा मिनिटं धूर येणारच, जाळ धरला की तो कमी होतो. भुसा बोगद्याच्या भिंतीकडून बाहेर जळत जातो, त्यामुळे भोक रुंदावतं आणि पहिल्या तासात आच वाढत जाते. ती कमी करायची असेल तर खालच्या भोकासमोर पत्र्याचा तुकडा सरकवा. भुसा मात्र हलवायचा नाही, चिमट्याने तर मुळीच नाही. भांडं थेट कडेवर ठेवलं तर हवा कोंडते, म्हणून कडेवर तीन नट किंवा तीन खडे ठेवून त्यावर भांडं टेकवायचं. नीट भरलेली शेगडी तीन-चार तास मध्ये काही न घालता चालते. आंघोळीचं पाणी, हरभरे आणि रात्रीचं वरण एकाच भरणीत, म्हणून तर ती घरोघर होती.

जाळ संपल्यावरही आतला निखारा बराच वेळ धुमसतो. तेव्हा धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. थंडी आहे म्हणून शेगडी खोलीत ओढून दार लावणं जिवावर बेतू शकतं. ती गच्चीवरच राहू द्या.

प्रश्न: शेजारी नाईट शिफ्ट करतात, दिवसा झोपलेले असतात. मुलांना सुट्टीत आवाज न करता खेळता येईल असं जुनं काही सांगा. फळीवरचे विकतचे खेळ नकोत.
— एक वाचक, त्रिमूर्ती चौक, सिडको

कामगार वस्तीत हा प्रश्न फार जुना आहे. सकाळी सातची, दुपारी तीनची आणि रात्री अकराची पाळी. तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी येऊन झोपला की चाळीच्या त्या टोकाला लगोरी आणि विटीदांडू बंद. तेव्हा पायरीवर खडूने आखून चिंचोक्यांवर खेळायचा तो अष्टाचंग. कुणी त्याला चल्लस म्हणतं.

चिंचोके सहा-सात घ्या, कारण एक-दोन फुकट जातातच. कोरड्या तव्यावर मंद आचेवर टरफल तडकेपर्यंत परता, मग उभ्या कडेवर बत्त्याने हलका टोला द्या. दोन डाळिंब्या सुटतात. बाहेरची बाजू तपकिरी, आतली पांढरट. आतली बाजू ओल्या दगडावर घासून सपाट करायची. एकसारख्या जाडीच्या चार डाळिंब्या निवडा. घासताना फार पातळ झाली तर ती नेहमी एकाच बाजूला पडते. प्रत्येक डाळिंबी वीस वेळा टाकून पाहा. आठ ते बारा वेळा पांढरी आली तर ठीक.

पट पाच बाय पाच, २५ घरांचा. चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधल्या घरात फुली. फुलीवर सोंगटी मरत नाही. चौघांच्या प्रत्येकी चार सोंगट्या, आपापल्या बाजूच्या फुलीतून निघतात. बाहेरची १६ घरं डाव्या दिशेने, मग आतली ८ उलट दिशेने, मग मधलं घर. पांढऱ्या जितक्या वर तितकं दान. चारही पांढऱ्या म्हणजे चार, चारही तपकिरी म्हणजे आठ, आणि या दोन्हींवर पुन्हा टाकायला मिळतं. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. मधल्या घरात जायला नेमकंच दान लागतं.

मुलांना एवढं सांगून ठेवा: चांगल्या डाळिंब्यांवर दोनचं दान सोळात सहा वेळा येतं, एक आणि तीन प्रत्येकी चार वेळा, चार आणि आठ जेमतेम एकेकदा. म्हणजे शत्रूच्या सोंगटीपुढे बरोबर दोन घरांवर थांबणं सगळ्यात धोक्याचं. हे कळलं की खेळ नुसता नशिबाचा राहत नाही. भांडणं मात्र वाढतात, आणि आवाजही!

प्रश्न: संक्रांतीला पतंग वर जातो आणि गिरक्या घेत खाली येतो. सुती दोराच वापरतो. दोष पतंगाचा की मंगळसूत्राचा (पतंगाला दोन गाठींनी बांधलेल्या दोऱ्याचा)?
— एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड

सुती दोरा वापरता हे बरं. नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे, तरी संक्रांतीच्या आसपास गळे कापल्याच्या बातम्या थांबत नाहीत.

आधी पतंग बोटावर तोला. उभ्या काडीखाली बोट धरल्यावर तो एका बाजूला झुकत असेल तर कमानीची ती बाजू जड आहे. समोरच्या बाजूच्या टोकाला दोऱ्याचे चार वेढे किंवा कागदाची चिंधी गुंडाळा, म्हणजेच कन्नी मारा. तोलात असूनही गिरक्या घेत असेल तर मंगळसूत्र पाहा. वरची गाठ कमान आणि उभी काडी जिथे एकमेकींना छेदतात तिथे. खालची गाठ शेपटापासून चार-पाच बोटं वर, उभ्या काडीवर. दोन्ही दोरे ताणून धरले की खालचा एक बोट जास्त भरला पाहिजे. वारा जोराचा असेल तर आणखी अर्धं बोट वाढवा, पतंग वाऱ्याला कमी छाती देतो आणि स्थिर होतो. वारा मंद असेल तर दोन्ही जवळपास सारखे ठेवा. गाठ मारताना काडीच्या दोन्ही बाजूंनी कागदाला भोकं पाडून दोरा काडीभोवती घ्यायचा. नुसत्या कागदात अडकवला की पहिल्या झटक्यात कागद फाटतो.

दोरा गुंडाळायला चक्रीऐवजी येवल्याची आसारी मिळाली तर घ्या. बांबूच्या काड्यांची, हलकी असते, आणि एकदा हात बसला की दोरा झरझर आत येतो.

प्रश्न: कुरडया लालसर पडतात आणि वाळल्यावर तुटतात.
— एक वाचक, उपनगर

लाल पडण्याचं कारण भिजवण्यात आहे. गहू तीन दिवस भिजवतात, पण पाणी रोज बदलायचं असतं. उन्हाळ्यात एक दिवस चुकला तरी आंबूस होतो. वाटून, पिळून, गाळून ठेवलेला चीक रात्रभर बसू द्या आणि सकाळी वरचं पिवळं पाणी पूर्ण काढून टाका, तळाशी हात लागेपर्यंत. रंग त्या पाण्यातच असतो. तुटण्याचं कारण कच्चा चीक. जितक्या वाट्या घट्ट चीक तितक्याच वाट्या पाणी, त्यात मीठ नि हिंग, उकळी आल्यावर चीक एका धारेत, दुसऱ्या हाताने ढवळणं न थांबवता. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की झाकण ठेवून वाफ काढा आणि गरम असतानाच सोऱ्यात भरा. निवलेला चीक दाबला की तार तुटते. गच्चीवर ऊन तापायच्या आत घालणं संपवा. आणि पातेल्याच्या तळाचा चीक साखर-दूध घालून पोरांना देऊन टाका, नाहीतर ती सोऱ्यातला मागतात.

प्रश्न: रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत उडी मारायची आहे. पुण्याचे पाहुणे सोबत. काय तयारी?
— एक वाचक, गंगापूर रोड

रहाडी म्हणजे पेशवेकालीन दगडी हौद. वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून बंद असतात, रंगपंचमीला उघडतात. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक या नावाजलेल्या. उडीला ‘धप्पा’ म्हणतात. पूजा झाल्याशिवाय धप्पा नाही, आणि गर्दीत आपला नंबर मंडळाचे कार्यकर्ते सांगतील तेव्हाच. खोल असतात आणि गढूळ रंगात तळ दिसत नाही, म्हणून पोहता न येणाऱ्याने काठावरच रंगावं. सूर मारू नका, पाय खाली ठेवूनच उडी. चष्मा, मोबाइल, अंगठ्या घरी. कपडे परत वापरायचे नाहीत असेच घाला.

दुरुस्ती: मागच्या अंकात भोवऱ्याच्या उत्तरात जाळी (भोवरा फिरवायची दोरी) वरून खाली गुंडाळायची असं छापलं गेलं. ते उलट आहे. जाळी आरेपाशी, म्हणजे भोवऱ्याच्या खालच्या खिळ्यापाशी अडकवून, थुंकीने किंवा पाण्याने ओली करून, खालून वर एकाला एक लागून वेढे घ्यायचे. मोकळ्या टोकाची गाठ मधल्या दोन बोटांत अडकवायची. वेढ्यावर वेढा चढला तर भोवरा फेकताच उताणा पडतो.